दुकान सोलापुरात, गिऱ्हाईक मोबाइलवर: छोट्या धंद्याची कमी खर्चातली ऑनलाइन जाहिरात

रविवारी अक्कलकोटला स्वामींचं दर्शन घेऊन परत निघालेली पुण्याची गाडी दुपारी सोलापुरात शिरते. मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणतं, "चादरी बघायच्या होत्या ना? आणि शेंगा चटणी?" लगेच मोबाइल निघतो. नकाशावर वरची तीन-चार दुकानं दिसतात. त्यांतल्या ज्याचे फोटो बरे, ज्याच्याबद्दल लोकांनी चार चांगले शब्द लिहिलेत आणि जे आत्ता उघडं दिसतंय, तिकडं गाडी वळते. तुमचं दुकान त्याच रस्त्यावर असेल, त्याहून जुनं असेल, भावही दोन पैसे कमी असेल. मोबाइलला ते माहीत नसेल तर गाडी समोरून निघून जाते.

ऑनलाइन जाहिरात म्हटलं की बहुतेकांना आधी रील आठवते. पुतण्याला बोलावून दोन रील काढल्या जातात, सातशे लोक बघतात, गिऱ्हाईक एकही येत नाही आणि मग "आपल्या धंद्याला हे चालत नाही" असं ठरतं. माझ्या मते इथं क्रमच चुकलेला असतो. जो आधीच शोधतोय त्याला सापडायचं, जो विचारतोय त्याला लगेच नीट उत्तर द्यायचं, जो एकदा घेऊन गेला त्याच्या लक्षात राहायचं. अनोळखी माणसाला ओढून आणणं त्यानंतरचं, आणि पैसे खर्चून जाहिरात करणं सगळ्यांत शेवटी. पहिल्या तीन कामांना वेळ लागतो, पैसा जवळजवळ लागत नाही. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमानं लिहिल्या आहेत.

पहिली पायरी: गुगलच्या नकाशावर दुकान लावा

याला गुगल बिझनेस प्रोफाइल म्हणतात. पूर्वी 'गुगल माय बिझनेस' असं नाव होतं, ते २०२१ मध्ये बदललं. ही नोंद पूर्णपणे फुकट आहे. "नकाशावर टाकून देतो, पाच हजार द्या" असं सांगत कुणी आलं तर ते त्याच्या मेहनतीचे पैसे आहेत, गुगलचे नव्हेत. तासाभराचं काम आहे, घरातलं कॉलेजला जाणारं पोर सहज करेल. फक्त ज्या जीमेलवरून नोंद कराल ते खातं आणि त्याचा पासवर्ड तुमच्या ताब्यात ठेवा. नोंद करून देणारा मुलगा उद्या बंगळूरला नोकरीला गेला आणि खातं त्याच्याच नावावर राहिलं, तर वेळ बदलायलासुद्धा त्याच्या मागं लागावं लागेल.

नोंद करण्याआधी नकाशात तुमचं दुकान शोधून बघा. पुष्कळदा कुणीतरी आधीच टाकलेलं असतं, तेही अर्धवट नावानं. तसं असेल तर नवं काढू नका. त्याच नोंदीवर मालकीचा दावा करायची सोय असते, ती वापरा. एकाच दुकानाच्या दोन नोंदी झाल्या की अभिप्रायही दोन ठिकाणी विभागले जातात.

नाव पाटीवर आहे तेच लिहा. 'श्री अमुक चादर सेंटर बेस्ट होलसेल सोलापुरी चादर टॉवेल' असं लांबलचक नाव दिलं की लवकर सापडू असं अनेकांना वाटतं. ते गुगलच्या नियमांत बसत नाही. कुणी तक्रार केली तर नोंद बंदही पडू शकते. काय विकता हे सांगायला प्रकार, म्हणजे कॅटेगरी, आणि वर्णन अशा दोन वेगळ्या जागा आहेत. मुख्य प्रकार नेमका निवडा, कारण शोधात त्याचं वजन मोठं असतं. वर्णनाला ७५० अक्षरांची मर्यादा आहे. तिथं साध्या वाक्यांत लिहा: काय बनवता, किरकोळ देता की घाऊक, घरपोच देता का, कुठल्या खुणेजवळ आहात.

आता पत्ता. आपल्याकडं पत्ता म्हणजे 'मारुतीच्या देवळामागं, दुसऱ्या बोळात, पिठाच्या गिरणीशेजारी'. माणसाला हे समजतं, नकाशाला समजत नाही. म्हणून पिन स्वतः हलवून दुकानाच्या दारावर आणा. चाटी गल्ली, मंगळवार पेठ, नवी पेठ अशा दाट भागात पिन वीस-तीस फूट सरकली तरी गिऱ्हाईक मागच्या बोळात जाऊन उभं राहतं. पिन लावल्यावर दुकान न पाहिलेल्या एखाद्या ओळखीच्याला नकाशा लावून यायला सांगा. तो जिथं अडतो तिथं तुमचा पत्ता चुकलेला आहे.

त्यानंतर गुगल पडताळणी मागतं. सध्या अनेकांना व्हिडिओ काढून पाठवायला सांगितलं जातं. तो सलग असावा लागतो, कापाकापी चालत नाही. रस्त्यावरून सुरुवात करा, शेजारची ओळखीची खूण दाखवा, पाटी दाखवा, मग कुलूप काढून शटर वर करा आणि आत जाऊन गल्ला, माल, बिलबुक दाखवा. जागा खरी आहे आणि धंदा तुमच्या हातात आहे, एवढंच त्यांना बघायचं असतं. पहिल्यांदा नाही झालं तर उजेडात पुन्हा काढा.

घरून धंदा करणाऱ्यांसाठी थोडं वेगळं आहे. जुळे सोलापुरात एखादी बाई घरी शेंगा चटणी आणि कडक भाकरी करते, पण गिऱ्हाइकानं घरी यावं असं तिला वाटत नाही, असं समजा. तिनं पत्ता लपवून ठेवावा आणि कुठल्या भागात माल पोहोचवते ते भाग भरावेत. मात्र माल कुणालाही प्रत्यक्ष न भेटता फक्त कुरिअरनं जात असेल तर अशी नोंद नियमात बसत नाही.

वेळा खऱ्या लिहा. दुपारी दोन तास बंद ठेवत असाल तर तेही लिहा. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत, नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवसांत, दिवाळीत वेळ बदलते. त्या दिवसांसाठी 'विशेष वेळ' भरायची सोय आहे. नकाशात 'उघडं' बघून विजापूर रोडवरून भर उन्हात आलेल्या माणसाला कुलूप दिसलं, तर तो पुन्हा येत नाही आणि एक तारा देऊन जातो.

अभिप्राय, म्हणजे रिव्ह्यू, हा या पायरीचा गाभा. गुगल स्वतः सांगतं की जवळपासची ठिकाणं दाखवताना तीन गोष्टी पाहिल्या जातात: शोधलेल्या गोष्टीशी तुमचा धंदा किती जुळतो, तुम्ही किती अंतरावर आहात आणि तुमचं नाव किती झालेलं आहे. अंतर तुमच्या हातात नाही. नाव मात्र अभिप्रायांनी होतं. ते मागावे लागतात, आणि मागायची एक वेळ असते. गिऱ्हाईक खूश होऊन पैसे देतं, पिशवी हातात घेतं, "पुढच्या वेळी बहिणीला घेऊन येते" म्हणतं, तीच ती वेळ. प्रोफाइलमध्ये अभिप्रायाची लिंक आणि क्यूआर कोड मिळतो. तो छापून यूपीआयच्या क्यूआरशेजारी लावा, वर मोठ्या अक्षरात 'इथं पैसे नाहीत, फक्त मत' असं लिहा, नाहीतर लोक त्यावरच पैसे पाठवायला बघतात. "काय घेतलं तेवढं लिहा" अशी विनंती केली तर 'गुड शॉप'ऐवजी 'मुलीच्या लग्नात आहेराला पन्नास टॉवेल घेतले, रंग गेला नाही' असं काहीतरी येतं, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तेच वाचायचं असतं.

अभिप्रायाच्या बदल्यात सूट देऊ नका, विकत तर घेऊच नका. गुगलच्या नियमात ते बसत नाही. शिवाय एका रात्रीत आलेले पंचवीस पंचतारांकित अभिप्राय सोलापुरातल्या शेंबड्या पोरालाही ओळखू येतात. वाईट अभिप्राय आला तर भांडू नका, पण गप्पही बसू नका. "ताई, चादरीची शिवण उसवली हे वाचून वाईट वाटलं. बिल नसलं तरी घेऊन या, बदलून देतो" एवढं पुरतं. हे उत्तर ती ताई वाचेल न वाचेल, पुढचे शंभर जण वाचतात.

दुसरी पायरी: व्हॉट्सअॅप बिझनेस

साध्या व्हॉट्सअॅपवर धंदा चालवणारे अजून पुष्कळ आहेत. भाचीच्या वाढदिवसाचे फोटो, सोसायटीच्या पाण्याची भांडणं आणि त्यातच कुणाची तरी 'दोन किलो पाठवा' ही ऑर्डर. ऑर्डर हरवते ती इथंच. व्हॉट्सअॅप बिझनेस हे वेगळं अॅप आहे, तेही फुकट. दुसरा नंबर असेल तर एकाच मोबाइलवर दोन्ही चालतात. नवं सिमही घ्यायची गरज नसते. दुकानाचा जुना लँडलाइन नंबर चालू असेल तर त्यावर फोन येऊन कोड सांगितला जातो. पाटीवरचा, बिलावरचा, जुन्या पिशव्यांवरचा तोच नंबर मग व्हॉट्सअॅपचाही होतो.

आत गेल्यावर चार गोष्टी नीट करा.

कॅटलॉग: यात ५०० पर्यंत वस्तू मावतात, पण तुम्ही वीसने सुरुवात करा. प्रत्येक वस्तूला फोटो, नाव, माप किंवा वजन, आणि भाव. भावाबद्दल पुढं बोलायचंच आहे.

झटपट उत्तरं: रोज तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं साठवून ठेवली की तिरपी रेघ आणि एक शब्द टाकला की पूर्ण मजकूर येतो. चटणीवालीचं एक उत्तर असं असू शकेल:

"नमस्कार. शेंगा चटणी पाव किलो अमुक रुपये, अर्धा किलो अमुक रुपये. लसूण घातलेली आणि बिनलसणाची, दोन्ही आहेत. शहरात दुसऱ्या दिवशी घरपोच. बाहेरगावी कुरिअरचे पैसे वेगळे. कुठली आणि किती पाठवू?"

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. नुसता भाव सांगून थांबलं की समोरचा 'ओके' म्हणतो आणि विषय संपतो. प्रश्न विचारला की त्याला काहीतरी ठरवावं लागतं.

लेबल: 'नवीन ऑर्डर', 'पैसे यायचे', 'पाठवलं', 'घाऊक' अशी रंगीत लेबलं लावा. रात्री दुकान बंद करताना 'पैसे यायचे' उघडून बघायची सवय लागली की उधारीची वही निम्मी होते.

आपोआप जाणारा निरोप: दुकान बंद असताना कुणी लिहिलं तर 'सकाळी साडेदहाला उत्तर देतो' असा निरोप जाईल असं करून ठेवा. आणि मग साडेदहाला खरंच उत्तर द्या.

आता जुन्या गिऱ्हाइकांकडं वळू. ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी २५६ नंबर घालता येतात, प्रत्येकाला निरोप वेगळा, खासगी आल्यासारखा जातो. पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो पोहोचतो. बरेच जण इथं फसतात: दोनशे जणांना पाठवलं म्हणून खूश, आणि पोहोचलं तीस जणांना. म्हणून बिल देताना सांगा, "नंबर सेव्ह करून 'हाय' पाठवा, नवीन माल आला की कळवतो." त्यांचा 'हाय' हीच परवानगी. न विचारता लोकांना ग्रुपमध्ये घालू नका. 'शुभ सकाळ' तर अजिबात पाठवू नका. कंटाळून चार जणांनी ब्लॉक-रिपोर्ट केलं तर नंबर बंद पडायची वेळ येते, आणि धंद्याचा नंबर गेला म्हणजे पाटीच उतरवल्यासारखं. महिन्याला दोन-तीन निरोप पुष्कळ झाले, तेही काही सांगण्यासारखं असेल तरच.

मी स्वतः ब्रॉडकास्टपेक्षा स्टेटसवर जास्त भरवसा ठेवेन. ते कुणाच्या अंगावर जात नाही, ज्याला बघायचं तो बघतो. सकाळी कुटलेल्या चटणीचा परातीतला ढीग, दुपारी बांधलेली पार्सलं, संध्याकाळी 'पाच पाकिटं उरलीत'. चोवीस तासांनी ते जातं, त्यामुळं फार सजवायचीही गरज नाही.

सोलापूरचं एक बळ इतर गावांकडं नाही. इथं मराठी, कानडी, तेलुगू, हिंदी-दखनी या सगळ्या भाषा एकाच चौकात ऐकू येतात. विजयपूर, कलबुर्गीकडची माणसं खरेदीला येतात, हैदराबादचा रस्ता इथूनच जातो. झटपट उत्तरांची कानडी आणि तेलुगू आवृत्ती करून ठेवा. यंत्राकडून भाषांतर करून घेण्यापेक्षा पूर्व भागातल्या, ती भाषा बोलणाऱ्या एखाद्या मित्राला चहाला बोलावून लिहून घ्या. तिकडून फोन करणाऱ्याला आपल्या भाषेत उत्तर मिळालं की घासाघीस निम्म्यावर येते.

तिसरी पायरी: फोटो

कॅमेरा घेऊ नका. आहे त्या मोबाइलची काच पुसा, ती तेलकट असते म्हणून फोटो धुरकट येतात. सकाळी आठ ते दहा किंवा चारनंतरचा उजेड घ्या. आपलं दुपारचं ऊन कुठल्याच वस्तूला चांगलं दाखवत नाही. ट्यूबलाइटखाली गडद लाल (मरून) रंग चॉकलेटी दिसतो, आणि मग "फोटोत वेगळी होती" म्हणून चादर परत येते.

चादर घडी घालून थप्पीत दाखवली तर ती कापडाचा गठ्ठा दिसते. खाटेवर पसरा. एक कोपरा उलटा दुमडा म्हणजे दुसरी बाजूही दिसेल. दोन्हीकडून वापरता येणं ही सोलापुरी चादरीची खासियत, ती सांगण्यापेक्षा त्या दुमडलेल्या कोपऱ्यात जास्त दिसते. मग एक फोटो इतका जवळून की वीण मोजता यावी. एक फोटो वजनकाट्यावर. जाडी फोटोत कळत नाही, काट्यावरचा आकडा कळतो. शेवटचा फोटो लेबलचा. सोलापुरी चादरीला आणि सोलापूरच्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. दुसरीकडून आलेला माल त्या नावानं विकू नका, आणि तुमचा माल इथलाच असेल तर मागावरचा एक फोटो त्याच अल्बममध्ये ठेवा.

चटणीचं उलट. तिला जितकं जवळून दाखवाल तितकं चांगलं. मिक्सरची चटणी कोरडी आणि एकसारखी दिसते. कुटलेल्या चटणीत शेंगदाण्याचे कण लहानमोठे असतात आणि तेल सुटून ती बोटाला चिकटते. चमच्यानं ढीग थोडा दाबा, तेल वर आलं की लगेच फोटो घ्या. शेजारी कडक भाकरीचा तुकडा आणि दही. प्लास्टिकची फुलं, नक्षीचा टेबलक्लॉथ काढून टाका. दुसरा फोटो पाकिटाचा: वजन, तयार केल्याची तारीख आणि एफएसएसएआय क्रमांक, म्हणजे सरकारी अन्न-सुरक्षा नोंदणीचा क्रमांक, वाचता येईल असा.

भाव लिहा

'किंमत इनबॉक्समध्ये' हे मला अजिबात पटत नाही. दुकानदाराला वाटतं की शेजारच्याला भाव कळेल. शेजारच्याला तो कालच कळलेला असतो, त्यानं माणूस पाठवून विचारलेला असतो. भाव लपल्यानं अडतं ते फक्त गिऱ्हाईक. संकोची माणूस विचारतच नाही, "महाग असणार" असं समजून पुढं जातो. घाऊकचा भाव वेगळा असेल तर 'दहा नगांच्या वर विचारा' असं लिहा. भाव बदलत असेल तर 'या आठवड्याचा भाव' लिहा. पण आकडा लिहा.

चौथी पायरी: इन्स्टाग्राम, तेही बेतानं

वरच्या तीन पायऱ्या झाल्या असतील तरच इथं या. नाहीतर रील बघून दुकान शोधणाऱ्याला नकाशात काही सापडायचं नाही.

खातं 'प्रोफेशनल' करा, पैसे लागत नाहीत. वर ओळखीच्या ओळीत काय, कुठं आणि कसं मागवायचं एवढंच. व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये तुमच्या नंबरची छोटी लिंक तयार मिळते, ती इथं टाका, म्हणजे एका बोटात गप्पा सुरू होतात. वर तीन पोस्ट कायम चिकटवून ठेवता येतात: एक भावपत्रक, एक दुकानाकडं यायचा रस्ता, एक सगळ्यांत जास्त खपणारी वस्तू.

रील पंधरा ते तीस सेकंदांची पुरे. पहिल्या दोन सेकंदांत वस्तू दिसली पाहिजे. दुकानाचं फिरतं नाव आणि गणपतीचा फोटो नंतर. बिझनेस खात्याला सिनेमातली बरीच गाणी वापरता येत नाहीत, आणि ते बरंच आहे. मागाची खडखड, उखळात चटणी कुटताना येणारा दबका ठोका, कडक भाकरी मोडल्याचा आवाज, हे गाण्यापेक्षा जास्त थांबवतात. बोला तर घरी बोलता तसंच बोला. पुस्तकी मराठीत 'आमच्या सन्माननीय ग्राहकांना' म्हणणाऱ्यापेक्षा "काय बे, कुटलेली खाल्ली का कधी?" म्हणणारा सोलापूरकराला आपला वाटतो. गाव सोडून गेलेल्याला तर जास्तच.

विषय सुचत नसतील तर काउंटरवर येणारे प्रश्नच घ्या. नवी चादर पहिल्यांदा कशी धुवायची? कडक भाकरी किती दिवस टिकते? शाळेच्या युनिफॉर्मचं माप वाढत्या अंगाला किती सोडायचं? प्रत्येक प्रश्नाची एक रील. आठवड्याला दोन टाका, पण वर्षभर टाका.

वर्ष आधी मांडून घ्या. डिसेंबरपासून हुरडा, जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, मग लग्नसराईचे आहेर, मे-जूनमध्ये युनिफॉर्म, आषाढीला पंढरपूरकडं जाणारी गर्दी, नवरात्रात तुळजापूरची, मग दिवाळी. तुमच्या धंद्याचा हंगाम यांतला जो असेल, त्याच्या तीन आठवडे आधी बोलायला सुरुवात करा. युनिफॉर्मची रील पंधरा जूनला टाकून उपयोग नाही, तोवर पोरं शाळेत गेलेली असतात.

गावातली खाण्याची, फिरण्याची पेजं असतात, पैसे घेऊन तुमच्याबद्दल व्हिडिओ करतात. द्यायला हरकत नाही. पण आधी त्यांचे फॉलोअर किती यापेक्षा त्यांतले सोलापुरातले किती ते विचारा. हा आकडा त्यांच्या खात्यात दिसतो, त्याचा स्क्रीनशॉट मागा. आणि पैसे देऊन केलेली शिफारस असेल तर तसं स्पष्ट लिहायला लावा. ग्राहक व्यवहार विभागाच्या २०२३ च्या सूचना तेच सांगतात.

पाचवी पायरी: पैसे लावायचे तर असे

पोस्टखालचं 'बूस्ट'चं, म्हणजे पैसे देऊन पोस्ट जास्त लोकांना दाखवायचं बटण पटकन दाबावंसं वाटतं. दाबू नका, निदान आंधळेपणानं तरी. आधी बघा, तुमची कुठली पोस्ट फुकटात चांगली चालली. जी चालली नाही तिच्यावर पैसे ओतून ती चालत नाही. मग जाहिरातीचा हेतू 'व्हॉट्सअॅपवर निरोप' असा निवडा. लाइक घेऊन दुकानाचं भाडं निघत नाही.

ठिकाण 'महाराष्ट्र' ठेवलं तर नंदुरबारच्या माणसाला तुमचं सलून दिसेल आणि पैसे तेवढेच कापले जातील. सलून, क्लास, मेस, टेलर यांनी दुकानाभोवती पाच-दहा किलोमीटरचं वर्तुळ काढावं. रोज शंभर-दीडशे रुपये, पाच-सहा दिवस, एकच वस्तू, एकच भाव. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो तो हिशेबात धरा. तुमचा जीएसटी नंबर असेल तर जाहिरातीच्या खात्यात भरून ठेवा.

ज्यांचा माल कुरिअरनं जाऊ शकतो त्यांच्यासाठी एक वेगळा नेम आहे: पुण्यात, हैदराबादेत, मुंबईत नोकरीला गेलेले सोलापूरकर. त्यांना चटणी म्हणजे काय ते समजवावं लागत नाही. पुण्यातल्या हिंजवडी-वाकडभोवती वर्तुळ काढा आणि जाहिरातीत पहिलाच शब्द 'सोलापूरकर' ठेवा. सुट्टीला आलेल्यांसाठी 'जाताना न्या' अशी सोय करा: सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं निघणाऱ्याला आदल्या रात्री पार्सल घरपोच. अशा माणसाची एक ऑर्डर ऑफिसच्या डब्यावर उघडली जाते आणि तिथून पुढच्या चार येतात.

टॉवेल, चादर, युनिफॉर्मचा घाऊक धंदा असेल तर इन्स्टाग्रामपेक्षा इंडियामार्टसारख्या घाऊक खरेदी-विक्रीच्या वेबसाइटवरची फुकट नोंदणी आधी करा. हॉटेलं, हॉस्पिटलं, शाळा तिथं शोधतात. वरचं पैशाचं पॅकेज घेण्याआधी फुकटच्या नोंदीवरून आलेल्या चौकशांना तुम्ही किती वेळात उत्तर देता ते बघा. स्वतःची वेबसाइट सध्या राहू द्या.

बाहेरगावी माल पाठवण्याआधी

खाद्यपदार्थ घरी केला तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते, आणि तो चौदा आकडी क्रमांक पाकिटावर हवा. ऑनलाइन अर्ज करता येतो. राज्याबाहेर माल विकायचा असेल तर जीएसटीचं आधी सीएला विचारून घ्या, नंतर विचारणं महाग पडतं. लहान उद्योगांची 'उद्यम' नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी एजंटला हजार रुपये देऊ नका.

चटणीला तेल सुटतं, म्हणून पाकीट दुहेरी करा आणि बाहेरून कागद गुंडाळा. कागदावर डाग दिसला तर गळती कुरिअरला द्यायच्या आधीच कळते. पार्सल दिलं की पावतीचा फोटो गिऱ्हाइकाला पाठवा. निम्मे 'कुठं पोहोचलं?'चे फोन त्यानं बंद होतात.

फसवणूक

नंबर जगासमोर ठेवला की ठगही येतात. त्यांच्या ठरलेल्या चाली आहेत. "लष्करात अधिकारी आहे, युनिटसाठी चाळीस डबे हवेत, पैसे पाठवायला क्यूआर स्कॅन करा" ही एक. पैसे घ्यायला कधीही पिन टाकावा लागत नाही; पिन मागितला म्हणजे पैसे तुमचे जाणार. दुसरी, पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट. गर्दीच्या वेळी हमखास येतो, म्हणून बँकेचा मेसेज किंवा साउंडबॉक्सचा आवाज आल्याशिवाय पिशवी देऊ नका. तिसरी, "गुगलमधून बोलतोय, तुमची नोंद आज बंद होणार". फोन ठेवून द्या. चौथी, व्हॉट्सअॅपचा सहा आकडी कोड मागणारा मेसेज, अनेकदा ओळखीच्याच नंबरवरून. अॅपच्या सेटिंगमध्ये दोन टप्प्यांची पडताळणी आजच चालू करा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० या सरकारी हेल्पलाइनला फोन करा.

हिशेब

कशानं गिऱ्हाईक आलं हे कळायला महागडं सॉफ्टवेअर नको. काउंटरवर वही ठेवा आणि नव्या माणसाला बिल करताना विचारा, "आमचं कुठून कळलं?" नकाशा, व्हॉट्सअॅप, इन्स्टा, कुणी सांगितलं, येता-जाता पाटी बघून. रकाने पाच, काम एका रेघेचं. दोन महिन्यांनी जो रकाना रिकामा, त्यावरचा वेळ कमी करा. इन्स्टाचा रिकामा निघाला तर रील थांबवा, लाज वाटायचं कारण नाही. टायरच्या दुकानाला किंवा पिठाच्या गिरणीला रीलविना काही अडत नाही.

वहीसोबत महिन्यातून एकदा गुगल प्रोफाइलमधला कामगिरीचा भागही उघडा. किती जणांनी फोन लावला, किती जणांनी रस्ता विचारला हे तिथं दिसतं. त्याच्या खाली लोकांनी कुठले शब्द टाइप केल्यावर तुमचं दुकान दिसलं, त्यांची यादी असते. कुणी 'चादर' लिहितं, कुणी 'चद्दर', बहुतेक जण रोमन अक्षरांत, हव्या त्या स्पेलिंगनं. त्या यादीत तुमच्याकडं असलेली पण कॅटलॉगात नसलेली एखादी वस्तू सापडली, उदाहरणार्थ 'बाळाची चादर' किंवा 'बिनलसणाची चटणी', तर त्याच दिवशी तिचा फोटो काढून भावासकट टाका.